लंगोटांचा वास का जात नाही?

प्रश्न : नातवाचे सुती लंगोट रोज धुऊनही ओले होताच उग्र वास मारतात. घरी बोअरचे पाणी आहे. काय करावे?
– एक आजी, विटा (जि. सांगली)

उत्तर : आजी, बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका धाग्यांत बसतो आणि त्यात तग धरलेले जंतू लघवीतील युरियाचा अमोनिया करतात, म्हणून नुसता साबण वाढवून उपयोग नाही. लंगोट आधी गार पाण्यात खळबळून, मग सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पावडरीसोबत थोडा धुण्याचा सोडा घालून धुवावेत आणि पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा खंगाळावेत. कपडे मऊ करणारे द्रावण टाळावे; त्याने कापड ओल शोषेनासे होते. उन्हाची तुमच्याकडे वाण नाही, पण पावसाळ्यात दमट लंगोटांची घडी घालू नये.