ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये प्लाझ्माब्लास्ट (बी पेशींपासून बनणाऱ्या, प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी) ९% आलेत. आजार पुन्हा उसळला आहे का?

तेवढ्या एका आकड्यावरून तसं म्हणता येणार नाही. आधी बघा, हे ९% कशाचे आहेत.

फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणांवरून त्या ओळखून मोजणारी तपासणी) प्लाझ्माब्लास्ट बहुधा सीडी१९ बी पेशींच्या टक्केवारीत देतात; सीडी आणि पुढचा आकडा हे त्या खुणेचं नाव. सीडी२७ आणि सीडी३८ भरपूर, सीडी२० जवळपास नाही, ही त्यांची ओळख. गोम इथेच आहे. ल्युपसमध्ये, शिवाय स्टिरॉइडमुळेही, लिम्फोसाइट (ज्यांत बी पेशीही येतात, त्या पांढऱ्या पेशी) घटतात. समजा लिम्फोसाइट ७०० आणि त्यात बी पेशी ८%, तर बी पेशी झाल्या ५६ आणि त्यांचे ९% म्हणजे दर मायक्रोलिटरला जेमतेम ५. लिम्फोसाइट २५०० आणि बी पेशी १२% असतील, तर तेच ९% म्हणजे २७. टक्का एकच, पेशी पाचपट! म्हणून त्याच दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) शेजारी ठेवून प्रत्यक्ष संख्या काढा.

रिटुक्सिमॅब दिलं असेल तर टक्केवारी आणखी फसवते. ते औषध सीडी२० असलेल्या बी पेशी संपवतं, प्लाझ्माब्लास्ट बरेचसे वाचतात. मग दोन-चार उरलेल्या पेशींत त्यांचा वाटा निम्माही दिसू शकतो.

दुसरा प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत ताप, सर्दी, लस? लसीनंतर साधारण सातव्या दिवशी निरोगी मुलांमध्येही या पेशी वाढतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं सीडी१६९ हे इंटरफेरॉनची (ल्युपसमध्ये वाढणारं प्रतिकारशक्तीचं रसायन) खूण म्हणून मोजतात, पण साध्या विषाणूच्या तापातही ते चढतं. नमुन्याचंही बघा: ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी, खोलीचं तापमान, शक्यतो त्याच दिवशी तपासणी. रिपोर्टमध्ये एकूण १५-२० प्लाझ्माब्लास्टच मोजलेले असतील, तर ९ आणि ६ मधल्या फरकाला फारसा अर्थ नाही.

मग ही तपासणी फुकट का? नाही. लहान मुलांच्या ल्युपसमध्ये या पेशी वाढलेल्या असतात हे २००१ मध्येच दिसलं होतं, आणि प्रतिपिंडं तयार करणारा कारखाना याच पेशींपासून उभा राहतो. पण एसएलईडीएआय-२के या ल्युपसची तीव्रता मोजणाऱ्या गुणपत्रिकेत प्लाझ्माब्लास्टला एकही गुण नाही. कमी कॉम्प्लिमेंटला (रक्तातली संरक्षक प्रथिनं) २, वाढलेल्या अँटी-डीएसडीएनएला (स्वतःच्या डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं) २, लघवीतून प्रथिनं जाण्याला ४ असतात.

मी आधी लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर (०.५ च्या वर गेलं तर गंभीर समजावं), लघवीतल्या लाल पेशी, रक्तदाब, सी३ आणि सी४ (कॉम्प्लिमेंटची प्रथिनं) बघेन. हे सगळं आधीसारखंच असेल आणि मुलगी खेळती असेल, तर नुसत्या ९% वर स्टिरॉइड वाढवू नका. वाढवायचं का, हे तिच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनीच ठरवावं. ४ ते ६ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करून घ्या. लॅब बदलली की गेटिंग (कोणत्या पेशी मोजायच्या याच्या सीमा) बदलतं, मग जुन्या आकड्याशी तुलनाच होत नाही. मात्र लघवीला फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज किंवा सतत डोकं दुखणं असेल, तर त्याच दिवशी दाखवा.