नागपूरच्या उन्हाळ्यात पहिला कन्सोल

भाऊ, मे महिन्यात पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घेतोयस, तर गेम कोणता हे नंतर ठरव. आधी जागा ठरव. सोनीने हा कन्सोल ५ ते ३५ अंश तापमानासाठी बनवलाय. आपल्याकडे बाहेर ४५ असतं आणि स्लॅबखालची वरची खोली रात्री दहालाही तापलेलीच. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलास तर मागून फेकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढतो. पंखा घोंघावतो, मग इशारा झळकतो आणि थोड्या वेळात मशीन स्वतःच बंद. म्हणून उघड्या टेबलावर ठेव, भिंतीपासून निदान १० सेंमी लांब.

खरी गफलत कूलरची. थंड हवा मिळावी म्हणून लोक कन्सोल थेट झोतात मांडतात. कूलरच्या ओल्या ताट्यांतून बारीक तुषार उडतात. बोअरचं पाणी असेल तर पोर्टवर क्षाराचा पांढरा थर बसतो. कूलरने खोली थंड कर, खिडकी उघडी ठेव, कन्सोल झोताच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर. वाळ्याचा वास तुझ्यासाठी, त्याच्यासाठी नाही!

महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून, प्लग काढून बाजूची पांढरी झाकणं सरकव आणि धूळ साठायच्या दोन भोकांवर व्हॅक्यूम फिरव. तोंडाने फुंकू नको, थुंकी आत जाते.

लाइट जाते तेव्हा सेव्ह चालू असेल तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून यूपीएस लाव, म्हणजे लाइट गेली की थोडा वेळ वीज देणारी बॅटरी. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे तो किती भार झेपवतो याचं माप) टीव्हीसकट जोडला तर ऐन मारामारीत बंद पडतो. १००० व्हीएचा घे. तो सेव्ह करून बंद करण्यापुरता, आख्खी मॅच खेळायला नाही.