तांबड्या पेशीतलं कोलेस्टेरॉल एन्झाइमच्या हाती का लागत नाही?

तुमचा प्रश्न असा की तांबड्या पेशीच्या पटलात फॉस्फोलिपिडांच्या (पाण्याकडे डोकं आणि आत तेलकट शेपट्या असलेले पटलाचे मुख्य रेणू) जवळपास बरोबरीनं कोलेस्टेरॉल असतं, तरी धुतलेल्या अख्ख्या पेशींवर कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज हे त्याला ऑक्सिडाइझ करणारं एन्झाइम घातलं तर कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइझ का होत नाही? एन्झाइम खराब निघालं असेल का?

एन्झाइम बहुधा ठीकच आहे. कोलेस्टेरॉलला शेजाऱ्यांनी झाकून घेतलंय.

कोलेस्टेरॉलचं पाण्याकडचं डोकं म्हणजे एकच ओएच गट, बाकी सगळं अंग तेलकट. ते शेजारच्या लिपिडाच्या मोठ्या डोक्याच्या आडोशाला बसतं. आडोसा सगळ्यात पक्का स्फिंगोमायलिनचा, हेही एक फॉस्फोलिपिडच. त्याच्या शेपट्या बहुतेक सरळ, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या चपट्या कड्यांना घट्ट चिकटून राहतात. एन्झाइमला तो रेणू पटलातून ओढून आपल्या खाचेत घ्यावा लागतो, आणि इथे तो सुटतच नाही. शेजारी वाकड्या शेपटीचे, असंतृप्त असले की पकड सैल पडते.

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम केलंय. हे डोळ्यांनी पाहायचं तर मेंढीच्या रक्ताची ब्लड अगार प्लेट (रक्त मिसळलेल्या, जंतू वाढवायच्या जेलीची थाळी) घ्या. मेंढीच्या तांबड्या पेशींत फॉस्फोलिपिडांपैकी निम्मं स्फिंगोमायलिन असतं, माणसाच्या साधारण पाव. प्लेटवर बीटा-टॉक्सिन नावाचं विष सोडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची एक रेघ ओढा. तिच्याकडे काटकोनात, पण तिला न टेकवता, ऱ्होडोकॉकस इक्वायची दुसरी. (हा शिंगरांना न्यूमोनिया करणारा जंतू.) 37 अंशांना रात्रभर ठेवा. सकाळी ऑरियसच्या कडेनं रक्त नुसतं धुरकट झालेलं दिसतं, इक्वायच्या भोवती एकट्यानं काहीच नाही. पण दोन्ही रेघा जवळ येतात तिथे फावड्याच्या पात्यासारखा भाग काचेसारखा पारदर्शक! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती प्लेट कितीतरी वेळ उजेडासमोर धरून उभी होते.

बीटा-टॉक्सिन हे स्फिंगोमायलिनेज. ते स्फिंगोमायलिनचं डोकं कापतं, मागे सेरामाइड उरतं. त्याचं डोकं इवलंसं, ते कोणाला झाकणार? उलट तेच कोलेस्टेरॉलला जागेवरून ढकलतं. उघड्या पडलेल्या कोलेस्टेरॉलवर इक्वायचं ऑक्सिडेज काम करतं आणि पेशी फुटते. 2001 मध्ये इक्वायचं हे जनुक मोडून पाहिलं गेलं, तेव्हा ते पातं उमटेनासं झालं.

हवेतल्या ऑक्सिजननं होणारं ऑक्सिडेशन वेगळं. तिथे आधी असंतृप्त शेपट्या पेटतात, त्यांचे पेरॉक्सिल रॅडिकल (ऑक्सिजन जोडलेले, फार क्रियाशील तुकडे) कोलेस्टेरॉलच्या सातव्या कार्बनचा हायड्रोजन काढतात आणि 7-कीटोकोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तयार होतात. म्हणजे शेजारी इथेही महत्त्वाचा, फक्त इथे तो आग लावणारा.

तुमच्या प्रयोगात एक नळी आणखी ठेवा: आधी स्फिंगोमायलिनेज, मग ऑक्सिडेज. आणि एन्झाइमचीच शंका असेल तर थोड्या पेशी डिटर्जंटमध्ये विरघळवून तपासा. रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायच्या किटमध्येही हेच ऑक्सिडेज असतं, आणि सोबत डिटर्जंट असतोच.