अडीच वर्षांचा मुलगा हाक मारली तरी बघत नाही, बोलत नाही. ऑटिझम असेल का? सासूबाई म्हणतात मी नोकरी करते आणि मोबाईल देते म्हणून असं झालं, खरंय का?

हाक मारली तर वळत नाही पण कुरकुऱ्यांचा पुडा फाडला की आतल्या खोलीतून पळत येतो, असं आहे का हो तुमच्याकडे? आमच्याकडे अगदी असंच होतं. आम्हाला आधी वाटलं ऐकूच येत नाही, मग पुड्याचं बघून वाटलं मुद्दाम करतोय, आणि ह्यातच आमचं एक वर्ष गेलं. घरचे म्हणायचे ह्याचा मामा पण चार वर्षांनी बोलायला लागला, मुलगे उशिराच बोलतात.

मी डॉक्टर नाही, आई आहे, मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. तेव्हा माझं सगळं लक्ष तो काय विचित्र करतो ह्याकडेच होतं, गाडी उलटी करून चाकं फिरवत बसणं, चपला ओळीत लावणं, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून रडणं, वरणभात सोडून काहीच न खाणं. हे सगळं ऑटिझममध्ये असतं, पण चाकं फिरवायला बाकीच्या मुलांना पण आवडतंच की. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, बोट करून दाखवतो का? म्हणजे आकाशात विमान दिसलं तर ते बघ म्हणून बोट करायचं आणि मागे वळून आईनं पाहिलं का हे बघायचं. तो कधीच करायचा नाही!! पाणी हवं असलं तर माझं मनगट धरून माठाकडे न्यायचा, माझ्या तोंडाकडे न बघता, जणू माझा हात म्हणजे पळीच. न होणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत ना, तिथेच फसतो माणूस. टाटा करत नाही, खोटं खोटं जेवू घालायचा खेळ नाही, शिकलेले दोनचार शब्द पण गेले, ह्यातलं काही तुमच्याकडे असेल तर थांबू नका.

आता कारण. सासूबाईंना सांगा की हा आरोप जुना आहे, १९५०-६० च्या काळात अमेरिकेतले मोठे मोठे तज्ज्ञ पण आईच थंड म्हणून मूल असं झालं म्हणायचे आणि ते साफ खोटं निघालं. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्याची सुरुवात बहुतेक पोटातच होते. सगळ्यात मोठा वाटा जनुकांचा, एक कुठलं जनुक नाही, शेकडो आहेत, म्हणून तर एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्यालाही बऱ्याचदा असतो. शिवाय आईवडिलांचं वय जास्त असणं, बाळ फार लवकर जन्मणं, गरोदरपणात फिट्सचं व्हॅल्प्रोएट औषध चालू असणं, ह्यानं शक्यता वाढते. आमच्यात ह्यातलं काहीच नव्हतं तरी झाला. लसीमुळे ऑटिझम होतो असं पण कोणीतरी सांगेलच तुम्हाला, ते १९९८ च्या एका शोधनिबंधावरून सुरू झालं, १२ मुलांवरचा होता, तो छापणाऱ्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये तो मागे घेतला, नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलं तपासली तरी संबंध सापडला नाही. मोबाईलनं ऑटिझम होत नाही, पण बंद करा, कारण तेवढा वेळ कोणी त्याच्याशी बोलत नाही. आम्ही बंद केला तर झोप सुधारली, बोट करणं काही आलं नाही.

आधी कानाची बेरा टेस्ट, म्हणजे नीट ऐकू येतं का ते बघायची, करून घ्या, मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, गावात नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून अशा मुलांसाठीचा विभाग असतो तिथे विचारा. ऑटिझम ठरवायची रक्ताची टेस्ट किंवा एमआरआय नसतो, मुलाला बघून आणि तुम्हाला विचारूनच ठरवतात. निदानाच्या कागदासाठी थांबू नका, स्पीच थेरपी (बोलायला शिकवणारी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, खेळ शिकवणारी) आधीच सुरू करता येते. आणि स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचून बरा करतो म्हणणारे भेटतील, लाखो रुपये मागतात, आम्ही पण एकदा सोनं मोडायला निघालो होतो, नशीब सोनार त्या दिवशी गावाला गेला होता.