रिपोर्टवरचा खाली जाणारा बाण

प्रश्न (गुहागर): आमचं बाळ 33व्या आठवड्यात झालं. दहाव्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात टोटल प्रोटीन 4.7, अल्ब्युमिन 2.6 आलं. दोन्हींपुढे खाली जाणारा बाण आहे, काळजीचं आहे का? कावीळ फार नसतानाही लाईटखाली ठेवलं होतं, ते का?

उत्तर: त्याच ओळीत उजवीकडे बघा, टोटल प्रोटीनपुढे 6 ते 8 असं काहीतरी छापलेलं असेल. ते आकडे तुमचे-माझे, मोठ्या माणसांचे. मशीन बाळाचे आठवडे विचारत नाही, बाण मात्र छापून मोकळं होतं. दिवस भरलेल्या नवजात बाळातही टोटल प्रोटीन 100 मिलिलीटरला साधारण 4.6 ते 7 ग्रॅम असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात 3.6 ते 6. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन, ते यकृतात तयार होतं आणि बाळ जितकं लवकर जन्मतं तितकं ते कमी असतं. तेव्हा नुसत्या या आकड्यांवरून मी औषध लिहिणार नाही. पाय-पापण्यांवर सूज, लघवी कमी, वजन अडलेलं, असं काही असेल तर मात्र लगेच दाखवा. अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. रोज सुई टोचून काय कळणार?

लाईटचं कारणही तिथंच आहे. काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, रक्तात अल्ब्युमिनला धरून राहतं. अल्ब्युमिन कमी, तर सुटं बिलिरुबिन मेंदूपर्यंत जाण्याचा धोका जास्त. म्हणून अशा बाळांना लाईट लवकर लावतात.

प्रश्न (मालवण): नातू दोन महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा. सुनेला मोरीचं (लहान शार्क माशाचं) मटण दिलं तर दुधातलं प्रोटीन वाढेल का? नातवाला नाचणीचं सत्त्व चालेल?

उत्तर: आजी, मोरी जरूर द्या, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दुधातलं प्रोटीन त्यानं फारसं हलत नाही. 100 मिलिलीटरला जेमतेम 1 ग्रॅम, आणि नातवाला ते पुरतं. सत्त्व सहा महिने पूर्ण झाल्यावर.

प्रश्न (देवगड): 31व्या आठवड्यात झालेली मुलगी गणपतीत तीन महिन्यांची होईल. घर चाकरमान्यांनी भरेल, तिला कसं जपावं?

उत्तर: रक्तातल्या प्रोटीनपैकी एक गट रोगाशी लढणारा, इम्युनोग्लोब्युलिन जी. आईकडून ते मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येतं. तुमच्या मुलीची ती शिदोरी अर्धवट राहिली आणि जन्मानंतर तीन ते सहा महिन्यांत ती आणखी खाली जाते. आरतीच्या गर्दीत बाळ हातोहात फिरवू नका. सर्दीवाल्या काकांनी दारातूनच बघावं, राग आला तरी चालेल. लशी जन्मतारखेप्रमाणेच, 6, 10 आणि 14 आठवड्यांना. ‘लवकर झाली म्हणून उशिरा’ असं करू नका.