रुजू दे, मग मिरव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोहोचली. पांढऱ्या पट्ट्यांची मॉन्स्टेरा, ऑर्किड, माशांची टाकी आणि पुढच्या महिन्यात यायचं ते छोटं कासव. शेवटी लिहिलंस, "जरा मिरवतेच आहे." मिरव की! ज्याला नव्या रोपाचं अप्रूप नाही, तो त्याला पाणी घालायलाही विसरतो. फक्त या अभिमानाला पहिल्या दिवसापासून कामाला लाव.

एके काळी आणणं हाच पराक्रम होता. जहाजाने निघालेली रोपं खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई सोसत बहुतेक वाटेतच मरायची. १८२९ मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह काचेच्या बंद बाटलीत ठेवला, आणि त्या मातीत नेचा आपोआप उगवून आला. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. १८३३ मध्ये अशाच काचपेट्यांतून रोपं सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढे ब्रिटनमध्ये नेचे जमवण्याचं वेड पसरलं आणि किलार्नी नेच्यासारखी नाजूक जात हौशी मंडळींनी उपटून उपटून दुर्मीळ केली. अभिमान त्यांनाही वाटतच होता. तो मिळवण्यापाशी थांबला होता.

आता मॉन्स्टेराकडे वळू. तिला दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब, वेगळ्या खिडकीत ठेव. पानं उलटून बघत जा. देठ खोडाला मिळतो त्या खाचेत पिठ्या ढेकूण दडतो, पानामागे लाल कोळी बारीक जाळं विणतो, आणि या दोन्ही किडी आपल्या नजरेला पडतात तेव्हा बऱ्याच वाढलेल्या असतात. मोठ्या कुंडीची घाई करू नकोस. जागा बदलल्याने रोप आधीच बिचकलेलं असतं, एखादं पान पिवळं पडलं तर पडू दे. गरजेपेक्षा मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. घरातली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात, हे माझं ठाम मत.

त्या पांढऱ्या पट्ट्यांसाठीच तू ती घेतलीस, हे कळतं मला. पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून झाड अन्न कमी बनवतं आणि सावकाश वाढतं. उजेड भरपूर दे, कडक ऊन नको. एखादा शेंडा सलग पांढरीच पानं काढू लागला, तर दिसायला कितीही देखणा असला तरी हिरवा अंश असलेल्या पेरापर्यंत छाट. मन धजणार नाही, तरी छाट.

ऑर्किड फॅलेनॉप्सिस या जातीचं असेल तर पाण्याचं वेळापत्रक नकोच. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी आहेत तोवर थांबायचं.

टाकीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथेच मला काळजी आहे. "पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ आहे," असं तू लिहिलंस. नव्या टाकीतलं स्वच्छ पाणी फसवं असतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. या जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नवा मासा आणू नकोस, खाणं अगदी कमी टाक आणि तपासणी संच घेऊन अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. दोन्ही शून्यावर स्थिरावले की टाकी जमली म्हणायची. आकडे चढलेले दिसले की लगेच थोडं पाणी बदल, आणि टाकी बसल्यावरही दर आठवड्याला साधारण पाव भाग बदलत जा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय ते आत जाऊ देऊ नकोस. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याचा मोह होईल. धुतलास तर वसवलेली वस्ती एका क्षणात वाहून जाईल. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो हलका खळबळून घे. सहा आठवडे रिकामी दिसणारी टाकी कोणाला दाखवावीशी वाटत नाही, पण पाळणाऱ्याचं कसब याच दिवसांत दिसतं. मला तरी तिचंच कौतुक जास्त.

तुझ्याकडे मांजर आहे, म्हणून एक सांगून ठेवतो: लिली घरात आणायची नाही, फुलदाणीतही नाही. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

राहिलं कासव. तळहातावर मावणारं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, असं वर्णन तू केलंस, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. ते तळहाताएवढं राहत नाही. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर कासव वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. त्याला पोहायला मोठी टाकी, अंग सुकवायला कोरडी उबदार जागा आणि यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा लागतो. त्या प्रकाशाशिवाय हाडं आणि पाठ मऊ पडतात. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे. वाढलं म्हणून तळ्यात सोडणं तर मुळीच नाही. अशीच सोडलेली कासवं कितीतरी देशांत स्थानिक कासवांचं अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावून बसली आहेत. शोभेसाठी नेलेली जलपर्णी आणि घाणेरी यांचंही असंच झालं. आणि कोणी ताऱ्यांच्या नक्षीचं कासव पुढे केलं, तर सरळ नकार दे. ते रानातून उचललेलं असण्याची शक्यता फार, आणि २०१९ पासून ते साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे.

मी तुला नाही म्हणत नाही. पण आधी तुझ्याकडे ते पाळणं कायद्यात बसतं का ते बघ, आणि कासवांवर उपचार करणारा डॉक्टर गाठ. कुत्र्या-मांजरांचे बरेच सापडतात, सरपटणाऱ्या प्राण्यांचे फार थोडे. शिवाय कोणाला नकोसं झालेलं मोठं कासव मिळतं का, हेही चौकशी करून बघ. पिल्लापेक्षा मला तेच पसंत. या सगळ्याचं काय झालं ते कळव, मग टाकीच्या मापाचं बोलू.

तुझा,
काका