जुन्नर तालुक्यात दोन दिवस

प्रश्न : वृद्ध आईवडिलांना घेऊन जुन्नरला दोन दिवस जाण्याचा विचार आहे. शिवनेरीखेरीज काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शिवनेरीच्या आधी नाणेघाट पाहावा, असे आमचे मत आहे. सातवाहनकाळात कोकणातील बंदरांकडून जुन्नरच्या पेठेकडे येणारा माल याच वाटेने चढत असे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी वापरला जाई, असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख असून त्यात यज्ञांत दिलेल्या दानांची यादी आकड्यांसह कोरलेली आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती मात्र नष्ट झाल्या असून आता केवळ त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा उरल्या आहेत. वाहन पठारापर्यंत जाते, त्यामुळे आईवडिलांना निदान रांजण आणि कड्यावरून दिसणारे कोकण पाहता येईल. पावसाळ्यात तेथे धुके इतके दाटते की समोरचा कडाही दिसत नाही. म्हणून हिवाळा निवडावा.

परतताना पूर येथील कुकडेश्वर मंदिर पाहावे. कुकडी नदीच्या उगमाजवळचे हे कोरीव शिवालय गाडीरस्त्यालगत आहे. लेण्याद्रीला मात्र सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील, तर ओझरच्या विघ्नेश्वराचे दर्शन सोयीचे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण रस्त्यावरूनही पाहता येते.